दुखण्याचा आकडा

५ जानेवारी

दवाखान्यातून फोन आला होता. उपचार संपेपर्यंत रोज वहीत एक आकडा लिहायचा म्हणे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं माणसाला शक्यच नाही. सोबत दोन ओळी लिहिल्या तर आणखी बरं. माझं तोंड एकदा सुरू झालं की दोन ओळींत आटपत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार.

आधी कारण लिहून ठेवते. वयाच्या नवव्या वर्षापासून, म्हणजे अडतीस वर्षं, मी जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये उभी आहे. आधी शिकायला आणि मग शिकवायला. दोन्ही पोटऱ्यांवर आणि गुडघ्यांमागे निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचं जाळं झालंय. संध्याकाळी तिथे आग होते, खाज सुटते. पण खरं कारण ते नाही. गेल्या महिन्यात कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी माझं नवीन नाव ऐकलं. मुली मला ‘नकाशा’ म्हणतात. एकजण सांगत होती की आज नकाशा तापलाय, सगळ्या नद्यांना पूर आलाय. विनोद वाईट नव्हता, मलाही हसू आलं. तरी सहाही जणींना रांगेत उभं केलं आणि दोरीउड्यांची दोरी दुमडून पोटऱ्यांवर तीन-तीन दिले. प्रत्येकीच्या पायावर एक छोटा नकाशा उमटला. सहावी माझी भाची, चिंगी. तिला चार दिले, घरच्या पोरीला सूट देते असं कुणी म्हणायला नको.

मी हाताने कधीच मारत नाही. हाताने मारणारा माणूस रागात असतो. माझी दोरी मोजून चालते.

आजचा आकडा ३. नुसती आग.

९ जानेवारी

सिस्टरला सांगितलेला आकडा १. खरा ८.

डॉक्टरांनी पायाच्या शिरांवर पेनाने खुणा केल्या आणि ते दुसऱ्या खोलीत गेले. टोचायचं काम सिस्टरचं. सुई केसाएवढी बारीक असते म्हणे. असेल, पण केस कोणी असा खुपसत नाही. औषध आत गेलं की शीर पांढरी पडते आणि मग तिथे मुंगळा डसल्यासारखी आग उठते. एका पायाला सव्वीस टोचण्या. सिस्टरने हातात दाबायला रबरी चेंडू दिला. सुई शिरताना तोंडाने श्वास सोडायचा, हेही शिकवलं. प्रत्येक जागी नंतर बर्फाची पिशवी ठेवत होती आणि मध्ये मध्ये आकडा विचारत होती. मी एक, एक म्हणत राहिले. चेंडू इतका आवळला की नखं तळहातात रुतली.

घोट्याजवळच्या टोचणीला तळपायाची आग मस्तकात गेली. पाय आपोआप झटकला आणि टाच सिस्टरच्या तोंडावर बसली. मास्क लाल झाला. तिने तो काढला तर खालचा ओठ चांगलाच फाटलेला. पायाच्या रेषेत वाकून कोणी काम करतं का, चूक तिचीच होती. तरी मी माणुसकीने रक्त पुसायला हात उचलला, तर ती दोन पावलं मागे सरकली आणि कोपर तोंडासमोर धरलं. मग स्वतःच हसली आणि म्हणाली, "सॉरी बाई. जुनी सवय."

‘बाई’ म्हटल्यावर ओळख पटली. ही तर आमची लांबडी. अकरा ते तेरा वर्षांची असताना माझ्याकडे होती, मग उंची वाढली आणि एक दिवस न सांगता यायची बंद झाली. मी म्हटलं, अगं, हरवलीस कुठे? ती म्हणाली, हरवले नाही, गेले. ओठावर कापूस दाबून तिने उरलेल्या अकरा टोचण्या पूर्ण केल्या. हात जराही थरथरला नाही. शिस्त माझ्याकडचीच, दिसतेच.

आता पंधरा दिवस मांडीपर्यंत घट्ट मोजे आणि रोज अर्धा तास चालणं.

१७ जानेवारी

आकडा २. माझा.

निवड चाचणी दोन मार्चला आहे. आमच्या हॉलमधून दोघींचीच नावं पुढे जाणार आणि त्यातलं एक चिंगीचं असणार. ती चौदा वर्षांची आहे. मी चौदाची असताना तिसरी आले होते. तिसरीला बाकावर बसवतात आणि पाण्याच्या बाटल्या भरायला सांगतात.

चिंगीची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. ती लाँड्रीत इस्त्रीच्या कामावर असते, घर लांब, म्हणून पोर आठवड्यातले पाच दिवस माझ्याकडे राहते. हॉलमध्ये मी तिची बाई, घरी मावशी. आज बीमच्या अरुंद उंच पट्टीवरून कोलांटी घेऊन उतरताना तिने उजवा पाय उचलून धरला. विचारलं तर म्हणे नडगी दुखते. कधीपासून? तर म्हणे बरेच दिवस झाले. दुखणं अंगात असतं त्याच्या दुप्पट डोक्यात असतं. ते डोक्यातून काढायला मी दोरी दुमडली आणि नेमकी त्याच जागी दोनदा मारली. ती गादीवर गुडघ्यांवर बसली, उलटी होईल असं वाटलं, पण नाही झाली. मग उठली आणि नऊ वेळा उतरली. एकदाही पाय उचलला नाही.

मी शिकत होते तेव्हा आमचे सर टाचांखाली टाचण्या ठेवायचे, म्हणजे चवड्यांवरून टाच खाली यायची हिंमतच होत नसे. माझ्या डाव्या टाचेत एक पुरती शिरली होती. मी कधी टाचण्या ठेवल्या नाहीत. हे कोणी लक्षात घेत नाही.

२४ जानेवारी

आकडा ४, पण तो शिरांचा नाही, मनगटाचा.

एका मुलीची आई थेट हॉलमध्ये आली, पोरीच्या पोटरीवरचे वळ दाखवायला. माझं मनगट धरून पिरगाळलं. मी तिला ढकललं. ती मागे जाऊन दारावर आपटली आणि कडी तिच्या कानामागे लागली. रक्त फार नव्हतं, पण मुलींनी आरडाओरडा करून ते वाढवलं. त्या आईने पोरीला हॉलमधून काढून नेलं. आता पाच उरल्या. चिंगीच्या वाटेतली एक कमी झाली, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी चिंगीने माझ्या मनगटाला बर्फ लावून दिला. न सांगता. पोर गुणी आहे.

१३ फेब्रुवारी

आकडा ३. आणि या वेळी खरा तीन.

दुसऱ्या पायाची खेप. गेल्या वेळी मी एक म्हणत होते ते खोटं होतं, हे सिस्टरने माझ्या तळहातावरच्या खुणांवरून ओळखलं होतं म्हणे. तर आज तिने तासभर आधी बोलावलं, पायाला जाड पांढरं मलम फासलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. तासाने पुसलं तर कातडी दुसऱ्याच कुणाची तरी वाटावी इतकी बधिर. सुई शिरली ती कळली, पण डसली नाही. मला अक्षरशः रडू आलं. सत्तेचाळीस वर्षं मला कोणी सांगितलं नाही की दुखण्यावर असं काही असतं.

मी तिला प्रश्नांनी भंडावून सोडलं. ती शांतपणे सांगत होती. मलम फक्त कातडी बधिर करतं, आतलं सगळं तसंच राहतं. वेदनेच्या गोळ्याही तिने सांगितल्या, कोणत्या चालतात आणि कोणत्या नाही. पुढच्या खेपेला घरूनच लावून यावं म्हणून एक ट्यूब दिली. तिला म्हटलं, आमच्या वेळचं काही आठवतं का गं. ती म्हणाली, सगळं. मला बरं वाटलं. पोरी विसरतात लवकर.

१४ फेब्रुवारी

चिंगीच्या नडगीला मलम लावलं.

सकाळी हॉलमध्ये निघण्याआधी तासभर. लावताना बघितलं तर हाडाच्या पुढे बोटभर जागा सुजलेली आणि गरम. प्लास्टिक गुंडाळलं, वरून बर्फ, दुधाबरोबर दोन गोळ्या. तासाने अंगठ्याने दाबून विचारलं, किती? तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे. दोरीचं टोक नेहमीप्रमाणे बाहेर लोंबत होतं. "शून्य, मावशी," ती म्हणाली.

शून्य. मी तिचा मुका घेतला. महिनाभर दोरीला जमलं नाही ते बोटभर मलमाने केलं. आज ती अकरा वेळा उतरली. तोंडातून ब्र काढला नाही.

२२ फेब्रुवारी

माझा २. चिंगीचा मलमाआधी ६, मलमानंतर ०.

तिचेही आकडे लिहून ठेवतेय, शास्त्रशुद्ध. काल ती आधी सात म्हणाली होती. मी म्हटलं, नीट विचार करून सांग, तर सहा म्हणाली. मलमानंतर मात्र रोज न चुकता शून्य. एक दिवस मी मलम जरा कमी लावून पाहिलं, तरी शून्यच. म्हणजे ट्यूब पुरेल. गोळ्या तीन केल्यात.

आज ती जरा अळंटळं करत होती. बीमवर चढून नुसती उभीच राहिली, ओठ पांढरेफटक. दोरी उगारली, मारावी लागली नाही. घरी आल्यावर न्हाणीघरात पाणी सोडून बराच वेळ आत होती. या वयाच्या मुलींना आरशाचा सोस असतो.

धाकटी दुपारी येऊन गेली होती. हातांवर इस्त्रीचे दोन नवे चटके. पोरीच्या पायाकडे बघून म्हणाली, हे काय, सुजल्यासारखं दिसतंय. मी काही बोलायच्या आत चिंगीनेच सांगितलं की मावशी मलम लावते, बरं आहे. धाकटी मला म्हणाली, "तुझ्या हाती दिलीय ना, मग मला कसली काळजी." जाताना दारात माझ्या मोज्यांची चेष्टा करून गेली, म्हातारी सैनिक दिसतेस म्हणाली.

२ मार्च

मोडला.

बीमवर सगळं निर्दोष झालं. मी मनात गुण मोजत होते, पहिली होती ती, नक्की पहिली. शेवटी कोलांटी घेऊन उतरली आणि आवाज आला. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. शेवटच्या रांगेतल्या लोकांनाही ऐकू गेला असणार. नडगी मधोमध वाकली आणि हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं. ती पडली नाही. दोन्ही हात वर करून, हसरा चेहरा करून, एका पायावर तीन सेकंद उभी राहिली, परीक्षकांकडे बघत. मी शिकवलंय तसं. मग कोसळली.

पंचांच्या टेबलावरची एक बाई ओकली. मी धावले. चिंगी ओरडत नव्हती. दात इतके आवळले होते की जीभ चावली गेली होती आणि हनुवटीवरून रक्त चाललं होतं. मी म्हटलं, ओरड गं, ओरड. तिने मान हलवली, नाही.

आकडा लिहायचं सुचत नाही.

३ मार्च

तीन तास ऑपरेशन. आत सळई घातली. हाडांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हाडाला आधीपासूनच चीर होती, निदान दोन महिन्यांची. एवढी चीर घेऊन मूल नीट चालणारही नाही, उड्या तर सोडाच. आधी दुखत नव्हतं का? शुद्धीवर आल्यावर त्यांनी चिंगीलाही तेच विचारलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, नाही, कधीच नाही.

डॉक्टरांनी खांदे उडवले. धाकटीने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. म्हणाली, मी असते तर मला काही सुचलंच नसतं, तू होतीस म्हणून बरं. मी तिची पाठ थोपटली. सुटले असं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं. चिंगी आमच्या दोघींकडे न बघता छताकडे बघत होती.

१९ मार्च

शेवटची खेप. मलम लावून गेले नाही. ट्यूब संपली होती.

सिस्टरने कशी संपली विचारलं आणि मला बोलायला निमित्तच मिळालं. सतरा दिवस कोणाशी मनमोकळं बोलले नव्हते. म्हटलं, तुझ्या त्या मलमाने घात केला. सांगून टाकलं सगळं, नडगी, सूज, गोळ्या, आकडे. मलम लावलं की पोर दुखत नाही म्हणायची, मग हाड मोडलं कसं? एकतर मलमात खोट असेल नाहीतर तू मला नीट सांगितलं नाहीस. माझा आवाज चढला असणार, शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं.

सिस्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. हातमोजे काढले. स्टूल ओढून माझ्या पायांशी बसली, पहिल्या खेपेला फाटलेल्या ओठाची पांढरी खूण स्पष्ट दिसत होती.

"बाई, त्या मलमाने हाड बधिर होत नाही. नखभरसुद्धा नाही. ती रोज मोडक्या हाडावर उतरत होती आणि तिला सगळं कळत होतं."

मी म्हटलं, मग ती शून्य का म्हणायची?

"तुमच्या हातात काय होतं?"

तिला उत्तर नको होतं. ती पुढे म्हणाली की तेराव्या वर्षी तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मी गादीवर ढकलल्यावर. त्यानंतर दोन दिवस ती हॉलमध्ये येत राहिली आणि मी विचारलं की काही नाही म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना आईने बघितलं. मला ढकललेलं आठवत नाही. किती जणींना ढकललं असेल, वेगळं एक आठवणार कसं. हे मी तिला म्हणाले आणि माझेच शब्द माझ्या कानात गेले.

मग म्हटलं, टोच आज तशीच, मलमाशिवाय, लागू दे मला. ती उठली, कपाटातून नवी ट्यूब काढली आणि माझ्या पायाला मलम फासू लागली. म्हणाली, "तुम्हाला दुखवणं हे माझं काम नाही. तासभर बसून राहा."

तासभर बसून राहिले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पाय समोर, आणि डोक्यात एकेक दिवस. अंगठ्याने मी किती जोरात दाबलं होतं. न्हाणीघरात सोडलेलं पाणी. सात? नीट विचार करून सांग. सगळं माझ्याच अक्षरात या वहीत लिहिलेलं आहे, आणि लिहिताना मी खुशीत होते. मला माझी किळस आली. टोचण्या झाल्या, किती ते मोजलं नाही.

२० मार्च

सकाळी धाकटीच्या घरी गेले. एकच खोली, मध्ये पडदा, पडद्याआड चिंगीचा पलंग. धाकटी लाँड्रीत जायला निघतच होती. तिला खाली बसवलं आणि सांगितलं. नडगी सुजली होती, मला माहीत होतं. ती म्हणाली होती दुखतं. मी तिथेच मारलं. मग मलम लावलं, गोळ्या दिल्या, आणि ती भीतीने शून्य म्हणत राहिली. एका दमात सांगितलं, थांबले असते तर राहून गेलं असतं.

धाकटीला आधी कळलंच नाही. दोनदा विचारलं, काय म्हणालीस. मग ती उठली आणि भिंतीला टेकवलेली चिंगीची कुबडी उचलली.

ती माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे, पण दिवसभर जड इस्त्री ओढणारे हात तिचे. पहिला फटका मांडीवर बसला. दुसरा पोटरीवर, कालच्या टोचण्यांवर, आणि मोज्याच्या आत काहीतरी गरम सुटलं. तिसऱ्याला मी खाली पडले. हात वर केले नाहीत. ती काही बोलत नव्हती, नुसती घशातून आवाज करत मारत होती. चौथा घोट्याच्या हाडावर लागला तेव्हा मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा असं ओरडले असेन, गुरासारखी. पुढचा डोक्यावर येणार हे दिसत होतं आणि येऊ दे असंच मला वाटत होतं.

पडदा सरकला. चिंगी पलंगावरून खाली उतरली होती. प्लास्टर फरशीवर घासत, कोपरांवर रांगत ती आली आणि माझ्या पायांवर आडवी पडली.

"आई, नको मारू. तिला दुखतंय."

धाकटीचा हात वरच्या वर थांबला. कुबडी तिने खाली टाकली, पोरीला उचलून छातीशी धरलं आणि मला एवढंच म्हणाली, जा इथून.

जिना बसून बसून उतरले. दोन्ही मोजे रक्ताने चिकटलेत, काढायचा धीर होत नाही, तसेच ठेवून लिहितेय. पायांचं काय व्हायचं ते होवो. पोर ‘दुखतंय’ म्हणाली आणि धाकटी थांबली. रागाने आंधळी झाली होती, हातात लाकूड होतं, तरी एका शब्दावर थांबली. मला तर चिंगीने तोच शब्द जानेवारीत सांगितला होता.